नोकरी, घर न सोडता देवाला वाहून घेता येतं का?

ताई, तुम्ही विचारलंय की आई अंथरुणाला खिळलेली, नोकरी सोडणं शक्य नाही, तरी आयुष्य प्रभूला द्यायची ओढ जात नाही. अशा मुलीला कॉन्व्हेंटबाहेर, म्हणजे सिस्टर्सच्या मठाबाहेर, जागा आहे का? आहे. मी इथेच नागपुरात अकाउंट्सची नोकरी करत ते जगते आहे.

2 फेब्रुवारी 1947 ला पोप बारावे पायस यांनी सेक्युलर इन्स्टिट्यूट्सना, म्हणजे जगात राहूनच देवाला वाहून घेणाऱ्यांच्या संस्थांना, रीतसर मान्यता दिली. शुद्धता (ब्रह्मचर्य), दारिद्र्य, आज्ञापालन यांची बांधिलकी सिस्टर्ससारखीच, पण मठ नाही, झगा नाही. चर्चच्या कायद्यानं आपण प्रापंचिकच, म्हणजे सामान्य श्रद्धावंतच, राहतो. दुसरी वाट बिशपांच्या हस्ते समर्पित होणाऱ्या कुमारिकांची; तिचा विधी 1970 मध्ये पुन्हा सुरू झाला.

लोकांना वाटतं, ब्रह्मचर्य सगळ्यात कठीण. मला दारिद्र्य जास्त कठीण वाटतं, कारण पगार माझ्याच खात्यात येतो. महिनाअखेरीस वही घेऊन बसते: किराणा, बाबांची औषधं, माझ्या सेक्युलर इन्स्टिट्यूटचा वाटा, गरजूंसाठी काढलेले. मोठी खरेदी विचारूनच. मे महिन्यात एसी घ्यायचं म्हटलं, तर आमच्या संस्थेची जबाबदारी सांभाळणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, "कुणाच्या खोलीत?" एसी बाबांच्या खोलीत लागला, मी माझ्या कूलरची खस बदलून घेतली. आज्ञापालन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

घरी प्रार्थनेची घंटा कुणी वाजवत नाही, हेही ध्यानात घ्या. नातेवाईक स्थळं आणत राहतात आणि प्रत्येकाला सगळं सांगता येत नाही.

तरी ही वाट कमी दर्जाची मुळीच नाही. नागपूरच्या सदर भागातलं आपलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी भक्ती सैनिकाच्या, कारागिराच्या, संसारी माणसाच्याही आयुष्यात शोभते असं ठासून सांगितलं. 1610 मध्ये जेन द शांताल यांच्यासोबत त्यांनी आजच्या फ्रान्समधल्या अनेसीला काढलेल्या संघातल्या भगिनी सुरुवातीला आजाऱ्यांच्या घरी जात. बंदिस्त मठ नंतर झाला.

घाई मात्र नको. सेक्युलर इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवातीचा पारखून घेण्याचा काळच किमान 2 वर्षांचा, पुढे कायमच्या बांधिलकीआधी आणखी किमान 5 वर्षं. आई बरी असती तर कॉन्व्हेंटमध्येच गेले असते असं मन म्हणत असेल, तर ते तुमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना आधी सांगा. सगळ्यांसोबत राहण्याची ओढ आमच्या वाटेवर भागत नाही. आणि आईपासून लपवू नका. तिच्याच उशाशी तुमचं व्रत जगायचं आहे.