टॉर्च धरणारा मुलगा

"त्याच्यासाठी करायचं काय बाकी ठेवलंय, तुम्हीच सांगा. आता तर छंदसुद्धा त्याच्याबरोबर करतो. तरी दहा मिनिटांत उठून खोलीत जातो."

हे गाऱ्हाणं माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येत असतं. कुणी मुलांसोबत परसात भाजी लावलेली असते, कुणी गणपतीची आरास एकत्र करायची असं ठरवलेलं असतं, कुणी महागाची दुर्बीण आणलेली असते. मूल पहिल्या आठवड्यात हजर असतं, मग हळूहळू गायब. आई-बाबांचा प्रश्न एकच असतो: एवढा वेळ देऊनही मूल आमच्यात का येत नाही? मी अमेरिकेत डेट्रॉईटच्या परिसरात राहते आणि इथल्या मराठी कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे एकदा हाच प्रश्न १९५१ सालच्या पिकअप ट्रकवर बसून आला. कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तीच गोष्ट सांगते.

त्या ट्रकचा हॉट रॉड करायचा होता. हॉट रॉड हा प्रकार महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित नवा असेल. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या, स्वस्तातल्या फोर्ड गाड्या घ्यायची, मडगार्डं वगैरे अनावश्यक वजन उतरवायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांवर सुसाट पळवायची. अशा शर्यतींना शिस्त लावायला १९३७ मध्ये तिथे संघटनाही निघाली. पुढे पिकअप ट्रकसुद्धा या खुळात सामील झाले. आमच्याकडे १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. माझ्याकडे आलेले बाबा तिथेच घायाळ झाले.

त्यांनी घेतला तो शेवरोले ३१००, अर्ध्या टनाचा. दोन तुकड्यांची पुढची काच, सहा व्होल्टची वायरिंग, आणि पेट्रोलची टाकी कॅबमध्ये, थेट सीटच्या पाठीमागे. दरवाजांखालचा पत्रा इतका सडलेला की बोट आरपार जावं. मूळचं सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरचं इंजिन काढून शेवरोलेचंच ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ बसवायचं, टाकी मागे चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या खाली न्यायची, ब्रेक नवे, वायरिंग बारा व्होल्टची. दोन उन्हाळ्यांत काम संपेल असा हिशेब होता. माझ्याकडे आले तेव्हा कॅब एका कोपऱ्यात, चेसिस टेकूंवर आणि घरातली माणसं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलणारी. मिशिगनच्या थंडीत गॅरेज अडलं की घरच्या गाड्या बाहेर बर्फात उभ्या राहतात. रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायचं काम आईकडे आलं होतं.

"गाडी उभी राहीना, आणि घर मात्र आडवं व्हायला लागलंय," आई म्हणाल्या.

बाबा म्हणाले, "मी हे सगळं त्याच्यासाठीच केलं ना."

"त्याने मागितलं होतं?"

"तसं मागितलं नव्हतं. पण सारखा फोनमध्ये असतो. म्हटलं, हाताला काहीतरी काम मिळेल, बाप-लेक बोलतील चार शब्द."

पंधरा वर्षांचा मुलगा खुर्चीत घसरून बसला होता. मी त्यांचे हात पाहत होते. बाबांच्या नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ होती, कितीही घासली तरी न जाणारी. मुलाचे हात स्वच्छ.

पुढच्या वेळी त्याला एकट्याला बोलावलं आणि विचारलं, "गॅरेजमध्ये तू नेमकं काय करतोस?"

"टॉर्च धरतो."

"आणि?"

"पाना देतो. चुकीचा दिला तर ते स्वतः उठून घेतात." थोडं थांबून म्हणाला, "आणि टॉर्चपण मी नीट धरत नाही."

हे वाचताना अनेकांच्या कानात "अरे इकडे धर, इकडे! लक्ष कुठे आहे?" घुमलं असेल. बहुतेक मराठी घरांत कुणी ना कुणी फ्यूजच्या बोर्डाखाली, स्कूटरच्या शेजारी, गळक्या नळापाशी असा उभा राहिलेला आहे. हात अवघडतो, आपल्याला काही दिसत नाही, कारण दिसायला हवं ते दुसऱ्याला. आणि काम बिघडलं की उजेडाचा दोष. या जागेवर किती वेळ मन रमेल? हा मुलगा आळशी नव्हता की फोनच्या आहारी गेलेला नव्हता. त्या गॅरेजमध्ये तो असला काय, नसला काय, फरक पडत नव्हता, आणि हे त्याला बाबांच्या आधी कळलं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या वाटेने जाणारी आहे. माणसाला प्रेमाइतकीच 'आपण इथे कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत' या जाणिवेची भूक असते, हे त्यांचं म्हणणं मला इतक्या वर्षांच्या कामात वारंवार पटत आलंय. त्यांचे सहकारी रुडॉल्फ ड्रायकर्स पुढे शिकागोला आले आणि हाच विचार त्यांनी घराघरांतल्या आई-बाबांपर्यंत नेला. आपण मुलांना वेळ देतो, वस्तू देतो, क्लास लावतो. जागा देत नाही. जागा म्हणजे ज्या कामाचा निर्णय मुलाचा, श्रेय मुलाचं, आणि बिघडलं तर निस्तरणंही मुलाचं.

बाबांना हे लगेच पटलं. इंजिनिअर माणसाला तत्त्व पटायला वेळ लागत नाही, हात आवरायला लागतो. ते एका कंपनीत ब्रेकच्या चाचण्या घेतात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच त्यांना पगार मिळतो. "चुकेल हो तो. आणि ही खेळण्यातली गाडी नाही."

त्यांचं खरंच होतं. म्हणून आम्ही सगळ्यांनी बसून कामं दोन भागांत वाटली. जिथली चूक जिवावर बेतेल ते सगळं एका बाजूला: ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन, वेल्डिंग, टेकू लावल्याशिवाय गाडीखाली न जाणं. तिथे बाबांचा शब्द शेवटचा, वाद नाही. जिथली चूक फक्त वेळ आणि थोडे पैसे खाईल ते दुसऱ्या बाजूला. त्यातलं मुलानं एक काम निवडायचं आणि ते संपूर्ण त्याचं. बाबांनी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हात खिशात ठेवायचे. खर्चाची वही आईकडे, आणि पहिला बर्फ पडायच्या आत गॅरेजची एक बाजू रिकामी, ही आईंची अट. ती त्यांनी बिनतोड मांडली आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

मुलानं इग्निशन निवडलं, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा. प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पुरवणारा डिस्ट्रिब्युटर, प्लग, त्यांच्या वायरी. मला वाटलं होतं तो रेडिओ किंवा सीट घेईल. गाडीचा प्राणच मागितला पठ्ठ्याने!

पुढच्या घडामोडी मी दोघांकडून वेगवेगळ्या ऐकल्या. इंजिन पहिल्यांदा सुरू करायचा दिवस आला. स्टार्टर फिरला, आणि इंजिन सुरू व्हायच्या ऐवजी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या तोंडातून फट्ट करून जाळ उडाला. अग्निशामक नळकांडं शेजारीच होतं, ते लागलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

काय चुकलंय हे बाबांना पहिल्याच आवाजाला कळलं. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं एक आवर्तन पूर्ण व्हायला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, दोनदा फिरतो. म्हणजे त्याच्या टोकाच्या पुलीवरची खूण शून्यावर दोनदा येते: एकदा पहिल्या सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं गेलेलं असताना, एकदा जळलेला वायू बाहेर पडत असताना. ठिणगी हवी पहिल्या वेळी. मुलानं खूण बरोबर जुळवली होती, पण दुसऱ्या फेरीची. डिस्ट्रिब्युटर बरोब्बर अर्धा फेरा उलटा बसला होता. भल्याभल्यांची होते अशी ही चूक.

"जीभ अशी वळवळत होती," बाबा म्हणाले. "डिस्ट्रिब्युटर उचल, फिरव, बसव. पाच मिनिटांचं काम. मी चहा करायला आत गेलो. परत आलो, पुन्हा चहा करायला गेलो."

मुलगा तो दिवस आणि दुसरा दिवस त्यातच बुडाला होता. कुठल्या सिलिंडरला कितवी ठिणगी, तो वायरींचा क्रम तपासला. एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. क्रम बरोबर होता. ठिणगी होती, पेट्रोल येत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं बाबांना हाक मारली. ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात पुढचा प्लग काढलेला होता.

"बाबा, या भोकावर अंगठा घट्ट दाबून धरा. मी खालून क्रँक फिरवतो. हवेनं अंगठा ढकलला की सांगा."

बाबा वाकून अंगठा धरून उभे. मुलगा लांब दांड्याच्या पान्याने इंजिन इंच-इंच फिरवतोय. शून्याची खूण एकदा आली आणि गेली, काही नाही. "नीट धरलाय ना?" मुलानं विचारलं. दुसऱ्या फेऱ्यात खूण जवळ आली तशी फुस्स करत हवा अंगठ्याखालून निसटली.

"आली!"

हे सांगताना मुलाने माझ्या टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि इंजिनाचे चारही टप्पे काढून दाखवले. 'हो', 'नाही', 'माहीत नाही' यांच्या पलीकडे माझ्याशी न बोललेला मुलगा सलग बोलत होता, आणि मला कळलंय की नाही म्हणून मध्येच उलट प्रश्न विचारत होता. अशा वेळी मी फार शहाण्यासारखी गप्प बसते. गप्प बसण्याचं प्रशिक्षण मीही कष्टानं घेतलंय.

शेवटी मी एकच विचारलं. "बाबांना माहीत होतं का रे, काय चुकलं ते?"

तो हसला. "ऑफकोर्स माहीत होतं. नाहीतर ते एवढा वेळ गप्प बसलेच नसते. चारदा चहा केला त्यांनी. आम्ही एवढा चहा पीतच नाही."

तोपर्यंत मी असं धरून चालले होते की काम स्वतः जमल्याचा आनंद मुलाला वर काढतो. तो काढतोच. पण या मुलाला त्याहून मोठं काहीतरी मिळालं होतं. बाबांना उत्तर येत असतानाही त्यांनी ते दाबून ठेवलं, म्हणजे 'तुला जमेल' हे त्यांना खरंच वाटतंय, असा अर्थ त्यानं लावला. तोंडाने शंभर वेळा "माझा तुझ्यावर विश्वास आहे" म्हटलं असतं तर तो खोलीत निघून गेला असता. मी बाबांना बजावलं की, "मला तर आधीच कळलं होतं" हे वाक्य या घरात कधीही उच्चारायचं नाही. मुलाला माहीत आहे हेही त्यांना सांगायचं नाही असं मुलाशी ठरलं होतं. हा लेख छापायच्या आधी दोघांनी वाचला, तेव्हा ते गुपितही संपलं.

आता तुमच्या घराबद्दल. ट्रक लागत नाही. गच्चीवरच्या कुंड्या, दिवाळीचा किल्ला, जुनी स्कूटर, रविवारचा स्वयंपाक, काहीही चालेल. आधी प्रामाणिकपणे पाहा की हा छंद कोणाचा आहे. तुमचा असेल तर खुशाल तुमचा म्हणून करा, मुलाच्या नावावर त्याचा खर्च टाकू नका. 'तुझ्यासाठी' म्हणून केलेल्या, पण त्यानं न मागितलेल्या गोष्टीचं मुलाला ओझं होतं आणि ओझ्यापासून माणूस लांब पळतो. मुलाला यायचं असेल तर त्याला एक संपूर्ण काम द्या, तेही असं की ज्याच्यावाचून बाकीचं अडेल. किल्ल्यावर शेवटी मावळे मांडायचं काम नको, दगड-मातीचा पायाच त्याच्याकडे द्या. मग तो कलला तरी चालेल. तुम्ही रात्री गुपचूप उठून सरळ करू नका. मुलांना सकाळी कळतं.

मात्र मूल खोलीतून बाहेरच येत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मित्र तुटले असतील, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल, तर छंदबिंद बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना गाठा. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिला थांबायला वेळ नसतो.

पिकअप अजून पूर्ण झालेला नाही. इंजिन चालतं, पत्र्याचं काम झालंय, लांबी भरून प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारलाय. कॅबला बाबांना चकचकीत लाल रंग हवाय, मुलाला दबका हिरवा, आणि दोघं जेवताना तावातावाने भांडतात. परवा आईंचा फोन आला, पुन्हा वेळ घेऊ का म्हणून. मी विचारलं, भांडताना मुलगा ताटावरून उठून जातो का? "छे, उलट हेच उठत नाहीत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे यायची गरज नाही म्हटलं. तेवढ्यात मागून मुलाचा आवाज आला, की रंग लवकर ठरवायला सांगा बाबांना, नुसत्या प्रायमरमधून ओल आत जाते आणि पत्रा पुन्हा गंजतो.