भंगारातले मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्या मुलाला थांबवू का?

नमस्कार ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा 11वी सायन्सला आहे, क्लासवरून आला की जुन्या बाजारातून आणलेले 386, 486 चे, म्हणजे नव्वदीच्या आसपासच्या कॉम्प्युटरचे मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) घेऊन बसतो, त्याचे बाबा म्हणतात हे भंगार फेक आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तयारीला लाग, आणि तुम्हाला कळत नाहीये की यात काही भविष्य आहे का.

सरळ सांगते. नुसते जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून आपल्याकडे घर चालवणं फार अवघड आहे, हौसेनं ते जपणारे लोक थोडे आणि पैसे देणारे त्याहून थोडे. पण म्हणून त्याला थांबवू नका, खरंच नका.

तुम्ही सहज लिहून गेलात की त्यानं एक डेड बोर्ड चालू केला, 12 व्होल्टच्या लाइनवरचा टॅन्टलम कॅपॅसिटर (वीज साठवणारा छोटा पार्ट) शॉर्ट झाला होता म्हणे. ताई, ही लहान गोष्ट नाही. टॅन्टलम जुना झाला की बऱ्याचदा शॉर्ट होतो, पण बोर्डावर तसे बरेच असतात, मग आधी पॉवर न देता मल्टिमीटरनं लाइन आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजायचा, तो जवळजवळ शून्य आला की त्या लाइनवरच्या एकेका कॅपॅसिटरचा पाय उचलून बघायचं, सापडेपर्यंत. आणि शॉर्ट नसेल तर पुढं क्लॉक, म्हणजे चिप्सना ताल देणारा सिग्नल येतोय का, चिप्सना थोपवून धरणारा रीसेट सुटतोय का, पोस्ट कार्डावर, म्हणजे सुरू होताना बोर्ड कुठं अडकला ते दाखवणाऱ्या तपासणी कार्डावर कोणता कोड येऊन अडकतोय, असं एकेक कारण बाद करत जायचं. अंदाजानं पार्ट बदलत सुटणारे खूप आहेत, असं डोकं लावणारे कमी.

आणि याला मागणी कुठंय तर कारखान्यात. भोसरी, चाकण, तुमच्या जवळची एमआयडीसी घ्या, तिथं नव्वदीतल्या सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमानं धातू कापणाऱ्या) अजून चालतात, कंट्रोलर तेव्हाचाच, नवं कार्ड मिळत नाही आणि मशीन बदलायचं तर लाखांत खर्च, अशा वेळी चिप लेव्हलला, म्हणजे अख्खं कार्ड न बदलता त्यावरच्या एकेका पार्टवर काम करणारा माणूस शोधत फिरतात. हॉस्पिटलमधली, लॅबमधली उपकरणं दुरुस्त करणाऱ्यांचंही साधारण हेच काम.

म्हणून माझं मत, कॉम्प्युटरचाच हट्ट नको, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन किंवा इन्स्ट्रुमेंटेशन बघा. सीईटीत मार्क चांगले आले तर डिग्री, नाहीतर 12वी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून पुढं डिग्रीच्याही दुसऱ्या वर्षाला, वाट बंद होत नाही. फक्त फिजिक्स आणि गणित सोडू देऊ नका, या मदरबोर्डांमुळे अभ्यास बुडत असेल तर शनिवार-रविवार ठरवून द्या आणि बाबांना एकदा त्याच्या शेजारी बसवा, तो काय मोजतोय ते त्याच्याच तोंडून ऐकू दे.

एका बाबतीत मात्र कडक राहा. पॉवर सप्लाय उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास राहू शकतात. सोल्डरिंग खिडकीपाशी, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं तेव्हा जेवायच्या आधी हात साबणानं धुवायचे.

पत्राखाली त्यानं स्वतः दोन ओळी लिहिल्यात, 486 ला डिस्प्ले येतो पण कीबोर्ड एरर, त्याचं उत्तर त्यालाच देते. अरे, आधी बोर्डावरची ती गोल निकेल कॅडमियम बॅटरी बघ, 3.6 व्होल्टची, ती बहुतेक गळलेली असणार आणि कीबोर्ड कंट्रोलर सहसा तिथंच जवळ असतो. बॅटरी काढून टाक, हिरवं-पांढरं जे साठलंय त्याला थोडं व्हिनेगर लाव कारण ते अल्कली असतं, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू दे. त्यानंतर मल्टिमीटरच्या बीप मोडवर एकेक ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ तपास, तुटलाय तिथं बारीक वायरचा जंपर मार. नवीन बॅटरी म्हणून बटण सेल थेट लावू नकोस, बोर्ड त्याला चार्ज करायला जाईल, मध्ये करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड हवाच. आणि ट्रॅक सगळे ठीक निघाले तर कीबोर्डच्या गोल सॉकेटवर 5 व्होल्ट येतात का बघ, नसतील तर जवळचा छोटा फ्यूज उडालाय, पण तो बदलायच्या आधी पुढं शॉर्ट नाही ना ते मोजून घे.