विंडोज नव्याने टाकल्यावर वायफाय आणि आवाज दोन्ही गेले. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देणारं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

कुठलंच नाही. पैसे भरून तर मुळीच नाही. (ड्रायव्हर म्हणजे वायफाय, स्पीकर असे भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारं सॉफ्टवेअर.)

आमची ताई घरी ऑनलाइन शिकवण्या घेते. भाऊजींनी तिच्या लॅपटॉपवर असंच ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’वालं सॉफ्टवेअर टाकलं. त्याने स्कॅन करून लाल अक्षरांत भलीमोठी यादी दाखवली, भाऊजींनी वर्षाचे पैसे भरले आणि सरसकट सगळं अपडेट केलं. लगेच टचपॅडवर दोन बोटांचं स्क्रोल बंद, स्पीकर मुके. दुकानात नेला तर ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणाले. मुलांच्या परीक्षा तोंडावर, ताई रडकुंडीला आलेली.

मी जाऊन डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या भागांची यादी, उघडला. बिघाड दाखवणारं एकही पिवळं चिन्ह नाही! ड्रायव्हर बसलेले होते, पण त्या लॅपटॉपसाठी बनवलेले नव्हते. ऑडिओची चिप रिअलटेकची असली तरी स्पीकर आणि हेडफोनची जोडणी मॉडेलगणिक बदलते आणि लॅपटॉपची कंपनी आपल्या ड्रायव्हरमध्ये त्याची सोय करून देते. सरसकट ड्रायव्हरला हे कुठून कळणार? ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून आधीचा ड्रायव्हर परत आणल्यावर टचपॅड सुधारलं. ऑडिओचं ते बटण पुसट होतं, म्हणून लॅपटॉपखालचा सिरियल नंबर कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकून तिथला ड्रायव्हर घेतला. आवाज आला. मदरबोर्ड धडधाकट होता.

भाऊजी अजून म्हणतात, ‘नवीन व्हर्जन म्हणजे चांगलंच असणार.’ नाही हो भाऊजी! व्यवस्थित चालणाऱ्या ड्रायव्हरला हात लावायला कारण लागतं. काही बिघडलं असेल किंवा सुरक्षेची दुरुस्ती आली असेल, तरच. नुसता आकडा मोठा दिसतो म्हणून नाही.

तुमच्याकडे आत्ता नेट नाही, तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला मिळेल. ते बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं. मग विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्स बघा, उरलेलं कंपनीच्या पानावरून घ्या. तरीही ‘अननोन डिव्हाइस’ राहिलं तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी. ‘व्हीईएन’पुढचा कोड बनवणाऱ्याचा असतो: ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १००२ एएमडी. ‘डीईव्ही’पुढचा त्या चिपचा. दोन्ही मिळून सर्च करा, वस्तू कोणती ते कळतं. पण फाइल उतरवायची ती कंपनीकडूनच. सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्या साइटवरून नको.

असेंबल्ड पीसी असेल तर सिरियल नंबरऐवजी मदरबोर्डचं मॉडेल लागेल, ते विंडोजमधल्या एमएसइन्फो३२ (सिस्टमची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅम) मध्ये दिसतं. आणि हो, गेमिंगसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर माझा ‘हात लावू नका’ हा नियम तिथे सैल करा. नव्या गेमसाठी एनव्हिडिया किंवा एएमडीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घेणं योग्यच. कंपनीच्या पानावरच्या यादीत बायोसचं (मदरबोर्डवरच्या, कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेटही दिसेल, ते मात्र ड्रायव्हर समजून सहज दाबू नका.