मॉडेमच्या मागे फायरवॉल: आधी पत्ते वेगळे करा

प्रश्न (नौपाडा, ठाणे): घरी टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल कनेक्शन आहे. दोन लॅन पोर्टच्या मिनी पीसीवर ओपीएनसेन्स (नेटवर्कवर पहारा ठेवणारं फायरवॉल सॉफ्टवेअर) टाकून तो मॉडेम राउटरच्या मागे जोडला. वॅनला (मॉडेमकडच्या पोर्टला) पत्ता मिळतो, पण लॅपटॉपवर इंटरनेट येत नाही. मॉडेम ब्रिज मोडवर (तो फक्त लाइन पुढे देतो, लॉगिन फायरवॉल करतं) टाकावाच लागेल का?

उत्तर: ब्रिजची घाई नको. बऱ्याच डीएसएल मॉडेमचा पत्ता 192.168.1.1 असतो आणि ओपीएनसेन्सच्या लॅनचा (घराकडच्या पोर्टचा) मूळ पत्ताही तोच. वॅन आणि लॅन दोन्हीकडे एकच नेटवर्क आलं की कोणतं पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठल्या पोर्टने पाठवायचं, याचा घोळ होतो. मिनी पीसीला मॉनिटर आणि कीबोर्ड लावा, मेनूतला 2 नंबरचा पर्याय घ्या, लॅनला 192.168.50.1 आणि मास्क (नेटवर्कचा आकार) 24 द्या. डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) 192.168.50.100 पासून 199 पर्यंत ठेवा. मग लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा, नाहीतर तो जुनाच पत्ता धरून बसतो. एवढ्यावर इंटरनेट सुरू व्हायला हवं.

आता महत्त्वाचं. मॉडेमचं वायफाय बंद करा. मोबाइल, टीव्ही त्याच वायफायवर राहिले तर ते फायरवॉलच्या बाहेरच राहतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो. जुना वायफाय राउटर असेल तर त्याचं डीएचसीपी बंद करून त्याला 192.168.50.2 द्या. फायरवॉलकडून येणारी केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये नाही. इथेच बहुतेकांची चूक होते.

या जोडणीत पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, एकदा मॉडेममध्ये आणि एकदा फायरवॉलमध्ये. ब्राउझिंग, व्हिडिओ कॉल यांना त्याने सहसा अडत नाही. बाहेरून घरात यायचं असेल किंवा ऑनलाइन गेम अडत असेल, तर मात्र ब्रिज करा. त्याआधी मॉडेमच्या वॅन पानाचा फोटो काढून ठेवा: व्हीपीआय, व्हीसीआय (डीएसएल लाइनचे कंपनीने ठरवलेले आकडे), एन्कॅप्सुलेशन (डेटा गुंडाळायची पद्धत), पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लाइन जोडायची पद्धत) युजरनेम. पासवर्ड तिथे ठिपक्यांतच दिसतो, म्हणून तो कंपनीकडून आधी मागून घ्या. व्हीपीआय-व्हीसीआय मॉडेममध्येच राहतात. युजरनेम, पासवर्ड फायरवॉलच्या वॅनवर पीपीपीओई निवडून भरायचे.

पीपीपीओईचं हेडर 8 बाइट खातं, त्यामुळे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 1500 नाही, 1492. हे चुकलं तर पिंग (चाचणीचं छोटं पॅकेट) जातं, पण काही साइट अर्धवट उघडून अडकतात आणि माणूस विनाकारण डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) दोष शोधत बसतो. तपासायला, तुकडे करू नयेत अशी अट घालून 1464 बाइटचं पिंग पाठवा (1492 मधले उरलेले 28 बाइट हेडरचे). ते गेलं पाहिजे आणि 1465 चं अडलं पाहिजे.

पावसात लाइन सारखी तुटत असेल तर फायरवॉलच्या सेटिंगला हात लावू नका. मॉडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (गोंगाटावर मात करायला सिग्नलची किती ताकद शिल्लक आहे) बघा. ते 6 डेसिबलच्या खाली घसरत असेल तर दोष तारेत किंवा जोडात आहे, लाइनमनला बोलवा.

प्रश्न (नेरूळ, नवी मुंबई): घरचे कॅमेरे ऑफिसमधून बघण्यासाठी फायरवॉलवर पोर्ट (बाहेरून आत यायचा नंबरी रस्ता) उघडू का?

उत्तर: कॅमेऱ्याचं पोर्ट उघडू नका. फायरवॉलवर वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं व्हीपीएन) बसवा आणि फक्त त्याचं यूडीपी पोर्ट 51820 उघडा. मात्र वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 मधला असेल तर कंपनीने तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग बाहेरून कुणीच आत पोचू शकत नाही, आधी पब्लिक आयपी (फक्त तुमचा, बाहेरून पोचता येणारा पत्ता) मागून घ्या.