फारकत म्हणायचं की धर्मनिरपेक्षता?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या जनमताच्या सर्व्हेवर मराठीत लिहायचंय, तर 'सेपरेशन ऑफ चर्च अँड स्टेट'ला काय म्हणावं, 'फारकत' नाटकी वाटतं, सरळ 'धर्मनिरपेक्षता' चालेल का.

मी म्हणेन फारकतच ठेवा. शब्द काडीमोडाचा आहे हे कबूल, पण तिथे काडीमोडच झालाय की! अमेरिकेच्या घटनेतली १७९१ची पहिली दुरुस्ती, सरकारने कुठला धर्म अधिकृत करू नये म्हणणारी, फक्त केंद्र सरकारला बांधून घालत होती, राज्यांचे आपापले सरकारमान्य पंथ मजेत चालू होते. कनेक्टिकट राज्यात काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चसाठी कर भरायचा, तुम्ही बाप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे असाल आणि त्यातून सुटायचं असेल तर तसं सर्टिफिकेट दाखल करा. तिथल्या डॅनबरी गावचे बाप्टिस्ट याला इतके वैतागले की त्यांनी १८०१मधे थेट राष्ट्राध्यक्ष जेफरसनला पत्र लिहिलं आणि त्याच्या १ जानेवारी १८०२च्या उत्तरात चर्च आणि राज्य यांच्यामधली ती प्रसिद्ध 'भिंत' आली. घटनेत ना भिंत आहे ना चर्च, ते शब्द या पत्रातले. पुढे कनेक्टिकटने १८१८ला आणि मॅसॅच्युसेट्सने १८३३ला चर्चशी संबंध तोडला. संसार होता म्हणूनच तो मोडला, आणि नुसतं 'धर्मनिरपेक्षता' लिहिलं की हे सगळं गायब होतं.

'निधर्मी' तर अजिबात नको. भिंत मागणारे बाप्टिस्ट पक्के भाविक होते, त्यांचं म्हणणं एवढंच की आमच्या देवाच्या आणि आमच्या मधे सरकारने लुडबूड करू नये.

आता 'चर्च'. इथे इमारत अभिप्रेत नाही, संस्था आहे, म्हणून 'धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत'. 'धर्म आणि राज्याची फारकत' लिहू नका कारण आपला 'धर्म' शेजारधर्मापर्यंत पसरलेला, वाचणाऱ्याला वाटेल राज्याने नीतीच सोडली. असाच घोळ 'स्टेट रिलिजन'चा, कोणीतरी त्याचं 'राजधर्म' करतं आणि अर्थ पार उलटा होतो, राजधर्म म्हणजे राजाचं कर्तव्य, तिथे 'राज्याचा अधिकृत धर्म' म्हणावं.

मग धर्मनिरपेक्षता कुठे वापरायची? आपल्याकडच्यासाठी. १९७६च्या दुरुस्तीने आपल्या घटनेच्या उद्देशिकेत आलेल्या 'सेक्युलर'ला मराठी प्रतीत 'धर्मनिरपेक्ष' आहे (हिंदीत 'पंथनिरपेक्ष', तो वाद वेगळा), पण आपलं सरकार काही देवळाबाहेर उभं नाही. आषाढीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, पंढरपूरचं देऊळ १९७३च्या कायद्याखाली समिती चालवते, आणि यात बहुतेकांना काही वावगं वाटत नाही. उलट न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली प्रार्थना बघा, इंग्रजीत अवघी २२ शब्दांची, येशूचं नावसुद्धा नाही, ज्याला म्हणायची नाही त्याने गप्प बसावं अशी मुभा, तरी १९६२मधे सुप्रीम कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली. प्रार्थना सरकारने लिहून दिली हाच मुद्दा. लोक भयंकर चिडले होते तेव्हा. या दोन्ही व्यवस्थांना एकच शब्द लावला तर वाचकाला काय बोध होणार?

सर्व्हेबद्दल लिहिताना तर फारच जपून. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन जनमत-संस्थेच्या २०२२च्या पाहणीत ४५ टक्के लोक म्हणाले की अमेरिका 'ख्रिश्चन नेशन' असावी. याचं मराठीत 'ख्रिश्चन राष्ट्र' केलं की आपल्या कानाला लगेच इथल्या राजकारणातले अर्थ ऐकू येतात आणि हेडलाइन होते 'निम्म्या अमेरिकेला धर्मनिरपेक्षता नको'. पण त्याच पाहणीत ७७ टक्के लोकांचं म्हणणं होतं की चर्चनी निवडणुकीत उमेदवाराला पाठिंबा जाहीर करू नये, आणि 'ख्रिश्चन नेशन' म्हणजे तुमच्या मते काय असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी कायदाबियदा काढलाच नाही, ख्रिश्चन मूल्यांनी चालणारा देश किंवा देवावर श्रद्धा असलेला देश अशी उत्तरं दिली. म्हणजे चांगल्या वळणाचा देश हवा आणि पाद्र्याने मत कुणाला द्यायचं ते सांगू नये, असं एकच माणूस एका दमात म्हणू शकतो. तेव्हा लेखात 'ख्रिश्चन नेशन' देवनागरीत तसंच ठेवा, पुढे लोकांनी सांगितलेले अर्थ द्या, आणि फारकतीला पाठिंबा किती ते सांगताना नेमका प्रश्न काय विचारला होता तो मराठीत पूर्ण छापा, भले दोन ओळी जास्त जाईनात.