आधी एक खेप बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. उसाच्या ट्रॅक्टरवर स्क्रीन, त्यावर वेग, नकाशा, मागच्या ट्रॉलीचा कॅमेरा, आणि ड्रायव्हरला डुलकी लागली की वाजणारा बझर. मेहनत दिसते. पण हे सगळं काढताना एखाद्या ड्रायव्हरशी तासभर बोललीस का?

मीही बोललो नव्हतो. नोकरीत असताना असाच बझर मी बनवला होता. टेबलावर खणखणीत वाजायचा. आष्ट्याकडच्या एका ट्रॅक्टरवर बसवला आणि आठ दिवसांनी जाऊन बघतो तर वायर काढून, नीट गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवलेली. मला राग आला. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "सायेब, एक रात्र बसा की माझ्यासंगं."

फडावरून कारखान्यापर्यंतची ती एक खेप मला सगळ्या शिक्षणाहून जड गेली. इंजिनाचा आवाज, झोप येऊ नये म्हणून मोठ्यानं लावलेली गाणी, थंडीमुळं कानावर घट्ट मफलर. बझर ऐकू येणार कुठून? आरशात नुसती उसाची पाती. मागची ट्रॉली हेलकावली की त्याला ते सीटला बसणाऱ्या हिसक्यावरून कळायचं. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर. नजर मात्र सतत बोनेटवरच्या सायलेन्सरच्या आजूबाजूला, रस्त्याकडे. काही सांगायचंच असेल तर तेवढीच जागा मोकळी होती. पुढं आम्ही तिथं एक मंद पिवळा दिवा लावला. तो त्यानं काढला नाही.

तुझ्या स्क्रीनचं गणित करून बघ. तिच्याकडं बघताना रस्त्यावरची नजर दोन सेकंद तरी हटली असं धर. ताशी 20 किलोमीटर वेगानं जाणारा ट्रॅक्टर दोन सेकंदांत 11 मीटर पुढं जातो. मागून 60 नं येणारी मोटार तेवढ्यात 33 मीटर. मोटारींच्या बाबतीतही लोक आता स्क्रीनकडून बटणांकडं मागं वळू लागलेत. युरो एनकॅप या मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपातल्या संस्थेनं 2026 पासून वरच्या मानांकनासाठी इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं मागितली आहेत.

अल्फोन्स चपॅनिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव लिहून ठेव. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानं उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी (म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. ठपका वैमानिकावर. चपॅनिसनं कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर दोन्हींचे खटके शेजारी शेजारी आणि एकसारखे. त्यानं एकाला चाकाच्या आकाराची मूठ लावली, दुसऱ्याला फ्लॅपच्या आकाराची. अंधारातही हाताला फरक कळू लागला. आपल्याकडं अपघात झाला की "ड्रायव्हर झोपला असेल" म्हणून आपण मोकळे होतो. तो का झोपला, हे कुणी विचारत नाही.

मी त्या रात्री विचारलं. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर कधी येईल याचा पत्ता नसायचा. रांग सरकली आणि आपण झोपलेलो असलो तर नंबर हुकणार, म्हणून तो ट्रॉलीखाली पोतं टाकून नुसता पडून राहायचा, डोळे उघडे ठेवून. गाडी रिकामी झाली की लगेच पुढची खेप, कारण पैसे खेपेवर. आधीच कुणी सांगितलं असतं की तुझा नंबर पहाटे चारला आहे, तर तो चार तास निवांत झोपला असता. ते काम त्याच्या खिशातल्या साध्या मोबाइलवरच्या एका मेसेजनं झालं असतं. माझ्या बझरपेक्षा ते कितीतरी उपयोगी होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं याची खंत अजून वाटते.

म्हणून आराखडा बाजूला ठेव आणि गाळप सुरू झालं की ये. मडगार्डवर मी बसलो, तू बसायचं नाहीस, ते धोक्याचंच. आपण मोटारीनं मागून जाऊ. रिफ्लेक्टर चिखलानं माखला की भरलेली ट्रॉली किती उशिरा दिसते, तेही तुला कळेल. मग अड्ड्यावर ड्रायव्हर लोकांबरोबर चहा घेत बसू. लॅपटॉप आणू नकोस, वही आण. आणि स्वेटर विसरू नकोस, कृष्णाकाठी पहाटे फार गारठा असतो.

तुझा,
काका
सांगली