बीए झालं, आता विज्ञान? आधी एवढं बघ

अगं, बीएनंतर विज्ञानाकडे वळता येतं, नक्की येतं. पण थेट एमएस्सीचा फॉर्म भरू नको. बहुतेक ठिकाणी त्याच विषयाची बीएस्सी लागते. बेळगावचं राणी चन्नम्मा असो की कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पात्रतेच्या अटी आधी वाच. बीएला भूगोल किंवा गणित असेल तर वाट जवळची.

पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आर्ट्समधून झाली ना? मग एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावीचं गणित, भौतिकशास्त्र दे. वयाची कमाल अट नाही. डेटा सायन्स हवं असेल तर आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीला बारावीत विज्ञान लागत नाही, दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं.

सुरुवातीच्या चुका:
- गणित टाळणं. अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकापासून रोज तासभर बस.
- मराठी माध्यम म्हणून इंग्रजी संज्ञांना घाबरणं. वहीत उतरव, सवय होते.

गेट-नेट या पुढच्या परीक्षांचं आत्ता डोक्यात घेऊच नको.